धावपट्टीखालचं शेत

ऑगस्ट लागला की इंग्लंडातल्या लेस्टरच्या बाहेर गहू कापणारी कम्बाइन हिंडायला लागतात. हॉस्पिटलमधली शिफ्ट संपवून मी घरी येते तो रस्ता गव्हाच्या शेतांमधून जातो. ऊन उतरत असतं, यंत्रामागे पिवळ्या धुळीचा लोट उभा असतो आणि रेडिओवरची बाई सांगत असते की आजची संध्याकाळ किती सुंदर आहे. असतेच सुंदर. काचा बंद केल्या तरी त्या धुळीचा वास गाडीत येतो. कोरडा, गोडसर, उन्हात तापलेल्या पोत्यासारखा. पूर्वी मला तो आवडायचा. आता नाकात शिरला की दात आपोआप आवळले जातात. हवा बदलली की लोकांना सर्दी होते, मला राग येतो.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत बाबूजी आमच्याकडे आले होते. बाबूजी म्हणजे माझे वडील. वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांनी जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला. ऐंशी ओलांडली तरी पाठ ताठ, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. लेस्टरमध्ये ते सकाळी उठून बेलग्रेव्ह रोडपर्यंत चालत जायचे, हिरव्या मिरच्या घ्यायचे, त्या तिखट नाहीत म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालायचे आणि वाटेतला प्रत्येक पुतळा, प्रत्येक दगडी पाटी वाचून यायचे. जेवताना म्हणायचे, "हे लोक सगळं लिहून ठेवतात बाप्पा. कोण मेलं, कुठं मेलं, कोणाच्या बाजूनं मेलं."

त्यांच्या त्या कौतुकाखाली काय होतं ते मला ठाऊक होतं. आमच्या घरात लहानपणापासून एकच इतिहास शिकवला गेला, आणि तो शाळेच्या पुस्तकात नव्हता.

आमच्या गावाबाहेर एक धावपट्टी आहे. गाव तिला नुसतं 'पट्टी' म्हणतं. दुसऱ्या महायुद्धात जपानी ब्रह्मदेशापर्यंत आले, तेव्हा विमानं मागे आणायला, उतरवायला, लपवायला देशभर जागा शोधल्या गेल्या. त्यांतली ही एक. विमानं जवळजवळ आलीच नाहीत. युद्ध संपलं, साहेब गेले, पट्टी राहिली. मोठे शेतकरी आता तिच्यावर सोयाबीन वाळवतात, पोलीस भरतीची मुलं पहाटे धावतात, नवी स्कूटी घेतलेल्या मुली तिथे ब्रेक मारायला शिकतात. मी सायकल तिथेच शिकले. पडले, गुडघा फुटला, तेव्हा बाबूजी म्हणाले होते, "रडू नको. आपल्याच शेतात पडलीस."

कारण त्या खडी-डांबराखाली आमचं शेत आहे. महारकीच्या वतनाचं शेत. म्हणजे गावाची पडेल ती कामं पिढ्यान् पिढ्या फुकट करायची आणि त्याच्या बदल्यात कसायची जमीन. सांगतात की साहेबांनी पट्टी आधी आखली ती पाटलांच्या कपाशीतून. पाटील तालुक्याला जाऊन आले आणि पट्टीची दिशा फिरली. फिरली ती बरोबर आमच्या वस्तीच्या शेतांवर. वारा कुठून वाहतो ते बघून धावपट्टी आखतात म्हणे. आमच्या गावात वारासुद्धा पाटलांचं ऐकतो.

जमिनीच्या बदल्यात काय मिळालं? काम मिळालं. ज्यांची शेतं गेली त्यांनाच त्या शेतांवर खडी फोडायला लावलं. बायका डोक्यावरून पाट्या वाहायच्या. बाबूजींचा जन्म त्या कामावरचा. कळा सुरू झाल्या तेव्हा आजीच्या डोक्यावर खडीची पाटी होती. स्वतःचं शेत ती स्वतःच पुरत होती. बाभळीखाली लुगड्याचा आडोसा करून कामावरच्याच एका बाईनं बाबूजींना बाहेर काढलं आणि दुसऱ्या आठवड्यात आजी पुन्हा पाटी उचलून कामावर.

गावात या पट्टीची आणखी एक गोष्ट सांगतात, आणि सगळे ती हसत सांगतात. एकदा एक विमान खरंच उतरलं. आतला गोरा वैमानिक घामानं निथळत खाली आला, समोर दिसला तो आमच्या वस्तीतला माठ, आणि तो तिथलं पाणी गटागटा प्यायला. गाव बघत राहिलं. आमच्या माठाचं पाणी साहेब प्यायला! बाबूजीसुद्धा ही गोष्ट सांगताना खुलायचे. मी मात्र कॉलेजात असताना एकदा ताटावरून उठून गेले होते. पाणी प्यायला, आणि जमीनही पिऊन गेला. त्यात खुलायचं काय?

तर त्या ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला माझी मुलगी मित्रा म्हणाली, "आई, तिकडे ओल्ड एअरफील्डवर ओपन डे आहे. आजोबाला हिस्टरी आवडतो ना? आपण त्याला घेऊन जाऊ." तिचं मराठी असंच, लिंग-वचनांच्या पलीकडचं. तिची इतिहासाची परीक्षा पुढच्या वर्षी होती आणि अभ्यासाला ते महायुद्धच होतं. बाबूजी लगेच बूट घालून तयार.

लेस्टरहून पूर्वेला तासाभराच्या आत तो महायुद्धातला जुना विमानतळ आहे. आम्ही पोचलो तेव्हा चारही बाजूंना कापणी चाललेली. मधोमध विटांचा जुना कंट्रोल टॉवर, पांढरा रंग दिलेला. शेजारी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या, एक मोठा मांडव, चहा, केक, आणि एका लोखंडी चौकटीवर बसवलेलं जुन्या बॉम्बर विमानाचं इंजिन. दुपारी ते सुरू केलं. आवाज आधी पोटात शिरला, मग कानात. भोवतीच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. मित्रा कानांवर हात ठेवून उभी राहिली. बाबूजी पापणी न हलवता बघत होते.

जोन नावाची निवृत्त शिक्षिका सगळ्यांना माहिती सांगत फिरवत होती. तिनं भिंतीवरचा नकाशा दाखवला. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या अंगावर तेव्हाच्या विमानतळांचे लाल ठिपके, कांजिण्या आल्यासारखे. ती छान सांगत होती. युद्धाआधीच लष्करी डावपेच आखणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की पुढची लढाई आकाशातून जिंकायची. मग विमानांचे कारखाने आले, मुलांना उडायला शिकवायच्या शाळा आल्या. "पण या सगळ्याला आधी काय लागतं?" जोननं विचारलं. "सपाट जमीन. इथलं एकेक शेत काँक्रिटखाली गेलं."

बाबूजींनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. "मॅडम, हूज लँड?"

"शेतकऱ्यांची. ते चहाच्या वेळी मार्टिन सांगेल. हे त्याचंच शेत आहे."

टॉवरच्या आत, जिन्याशी, इथून उडून न परतलेल्या मुलांच्या नावांचा फळा होता. मित्रा तो वाचत उभी राहिली. वयं वाचत होती. तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी मुलं. तिनं हळूच विचारलं, "आणि खाली? जे लोकांवर बॉम्ब पडली, त्यांचं बोर्ड कुठे आहे?" मी म्हटलं, इथे नाही. ती म्हणाली, "का नाही?" मी पुन्हा त्या फळ्याकडे बघितलं. घाईघाईनं तयार केलेल्या मुलांना काळोखात पाठवायचं, त्यांच्याकडून शहरं जाळून घ्यायची, मग परत न आलेल्यांची नावं सुंदर अक्षरात कोरायची आणि जळलेल्यांना नकाशावरचा बाण करून टाकायचं. आकाशात लढलेलं युद्ध, असं म्हणतात. आकाशात कोण राहतं? ते उडालं जमिनीवरून आणि पडलं जमिनीवर, माणसांच्या घरांवर. उंचीवरून बघणाऱ्याला शेत म्हणजे मोकळी जागा आणि गल्ली म्हणजे रेघ दिसते. वर जाण्याआधीच, टेबलावर नकाशा पसरतानाच, ती उंची माणसाच्या डोळ्यात आलेली असते. आमच्या गावात तसाच एक नकाशा पसरला होता.

चहाच्या वेळी मांडवात खुर्च्या गोल लावल्या. जोन म्हणाली, आपल्यापैकी कुणाच्या घरातलं कोण युद्धात होतं, सांगायचं असेल त्यांनी सांगा. एका बाईचा मामा बॉम्बर विमानाच्या शेपटीकडचा तोफची होता, तो आलाच नाही. एका आजोबांची आई पॅराशूट घड्या घालायची. मग मार्टिन उठला. साठीतला, लालबुंद मानेचा, अंगावर अजून भुसा. थेट कम्बाइनवरून आलेला.

"माझ्या आजोबांना एक दिवस येऊन सांगितलं, जमीन हवीय, निघा. गहू उभा होता. कापूसुद्धा दिला नाही, वरून यंत्रं फिरवली." त्याचा आवाज चढत होता. "आणि युद्ध संपल्यावर परत द्यायला किती वर्षं लावली! काँक्रिट उखडायचं कुणी, यावरून भांडणं. आजोबा मरेपर्यंत त्या माणसांना शिव्या देत होते. आम्ही पोरं घाबरायचो, कुणी युद्धाचं नाव काढलं तर."

लोकांनी माना हलवल्या. कुणी 'शेमफुल' म्हणालं. मी बाबूजींना अर्थ सांगत होते, खरं तर त्यांना तो कळत होताच.

"पण दिली ना?" बाबूजी मला म्हणाले. "विचार त्याले. परत दिली ना जमीन?"

मी विचारलं. मार्टिनला प्रश्नच विचित्र वाटला. "हो, अर्थात. द्यावीच लागली. इट वॉज आवर्स."

इट वॉज आवर्स. किती सहज म्हणाला. मान खाजवत. जमीन परत मागायला गेलेल्या आमच्या लोकांना स्वतंत्र देशातल्या एका साहेबानं ऐकवलं होतं की ही जमीन तुमची नव्हतीच, सेवेच्या बदल्यात होती, सेवा संपली, विषय संपला. सेवा संपली म्हणून आमच्या माणसांनी आनंद साजरा केला होता, बाबासाहेबांनी सांगितलं होतं ती गुलामी टाका. ती टाकली, आणि खाली बघतो तर पायाखालची जमीनही काढून घेतलेली. तीच खडी, तोच रोलर, तेच युद्ध. एका आजोबाचं शेत घरी परत आलं. दुसऱ्या आजोबाला सांगितलं, तुझं घर कुठलं?

बाबूजी उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, वर्गात उभे राहायचे तसे. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, एकेक शब्द फरशी बसवल्यासारखा.

"माय फादर्स फील्ड ऑल्सो वेन्ट टु द वॉर," ते म्हणाले. "इन इंडिया. इट इज अ रनवे." मार्टिनकडे वळले. "इट हॅज नॉट कम होम."

बाहेरचं कापणीचं यंत्र मांडवात ऐकू येत होतं. मार्टिन बघतच राहिला. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल. कुठे? कसं? का नाही आलं?

"हाउ मूव्हिंग," जोन म्हणाली. छातीवर हात ठेवून, मनापासून. "थँक यू सो मच फॉर शेअरिंग." आणि मग सगळ्यांकडे वळून, "आता रॅफलची सोडत काढूया का?"

त्या बाईचा मला राग नाही, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय. ती वाईट नव्हती. पण राग आहे. त्या 'मूव्हिंग'चा आहे. मार्टिनच्या आजोबांना राग आला होता, आणि मांडवातल्या सगळ्यांना तो राग म्हणूनच कळला. माझ्या बाबूजींना राग आला, तर त्यांना गहिवरून आलं. गोऱ्या शेतकऱ्याचं शेत गेलं तर अन्याय, आमचं गेलं तर करुण कहाणी. आणि इकडच्या लोकांना दोष देऊन तरी काय, आमच्या तालुक्याच्या कचेरीत गहिवरही नसतो. तिथे पंखा फिरत असतो.

आम्ही गाडीकडे निघालो तर मार्टिन मागून धापा टाकत आला. टोपी हातात. "सर," तो बाबूजींना म्हणाला. "तिकडेही एअरफील्ड बांधली होती, हे मला माहीतच नव्हतं."

"नाऊ यू नो," बाबूजी म्हणाले.

"मी काय करू शकतो?"

बाबूजींनी माझ्याकडे बघितलं आणि मराठीत बोलले. "सांग त्याले, काही नको करू. पुढच्या वर्षी आजोबाची गोष्ट सांगशील तेव्हा माह्या बापाची बी सांग. आणि गहिवरून नको सांगू. तुह्या आजोबासारखी सांग. शिव्या देऊन."

मी सांगितलं. मार्टिन हसला नाही. म्हणाला, "शिव्या मला येतात." मग त्यानं बाबूजींना शेतात नेलं. काँक्रिट होतं तिथे आता नुसती गव्हाची धसकटं. बाबूजी बूट काढून त्यात उभे राहिले. धसकटं टोचत असणार. तरी उभे राहिले. मित्रा म्हणाली, "आजोबा, बूट देऊ?" ते म्हणाले, "नको बेटा. पाहू दे, परत आलेली जमीन कशी लागते पायाले."

परत निघालो, बाबूजी माझ्या शेजारच्या सीटवर. हेजच्या झुडपी कुंपणामागून ट्रॅक्टर, ट्रॉल्या, धूळ. मग एकदम म्हणाले, "मी जन्मभर अर्ज केले. 'सविनय सादर.' प्रत्येक अर्ज तसा सुरू केला. मुलांनाही तसाच शिकवला." खिडकीबाहेर बघत राहिले. "त्या मार्टिनचा आजा सविनय नव्हता."

सप्टेंबरात ते परत गेले. त्या हिवाळ्यात गावाहून बातमी आली की पट्टी एका कंपनीला मिळणार, विमान चालवायला शिकवणारी शाळा निघणार. भोवती तारेचं कुंपण पडायला लागलं. गावात पेढे वाटले, आपल्या गावाचं नाव होणार म्हणून. ऐंशी वर्षं जी जमीन लष्कराची गरज, देशाची गरज म्हणून परत देता येत नव्हती, ती एका दुपारीत मोकळी झाली. फक्त आमच्यासाठी नाही. पुन्हा विमानं, पुन्हा शिकाऊ मुलं, पुन्हा सपाट जमीन. मी लेस्टरमध्ये स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकलं आणि हातातला कप सिंकमध्ये आपटला. मित्रा धावत आली. मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "काही नाही नाही आहे हा."

बाबूजींनी यावेळी अर्ज केला नाही. या जूनमध्ये वस्तीतल्या दहा-बारा घरांना घेऊन ते कुंपणाच्या आत गेले आणि पट्टीच्या कडेला, जिथे डांबर नाही तिथे, तूर पेरली. पोलीस आले. सगळ्यांना गाडीत घालून नेलं आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मला कळलं तेव्हा मी फोनवर ओरडले, "बाबूजी, वय काय तुमचं?"

"त्या पट्टीएवढं," ते म्हणाले. "काऊन?"

मग तूर उगवली. वस्तीतली मुलं मला फोटो पाठवायची. कुंपणाच्या तारेमागे हिरवी ओळ, रोज बोटभर उंच. मी दुपारच्या ब्रेकमध्ये, एक्स-रे रूमच्या बाहेर उभी राहून ते फोटो मोठे करून बघायची. रुग्णांच्या हाडांपेक्षा मी ती रोपं जास्त नीट बघितली असतील.

मागच्या गुरुवारी मी कामावरून येत होते. कम्बाइन चाललेलं, धूळ, ऊन, सगळं नेहमीचं. बाबूजींचा फोन आला. मी गाडी बाजूला घेतली.

"जेसीबी फिरवला," ते म्हणाले. "तूर गेली."

"सगळी?"

"सगळी. गुडघ्याएवढी आली होती."

"तुम्हाला काही लागलं का?"

"मले काय लागते. मी बाजूले उभा होतो. बाया रडत होत्या, म्या म्हटलं रडू नका, पाहून घ्या कोण चालवतो. पोरगा चालवत होता, आपल्याच वस्तीतला. त्याले मजुरी भेटली." त्यांचा आवाज तिथे जरासा हलला. मग सावरला. "आता ऑक्टोबरात हरभरा टाकू."

"बाबूजी, ते पुन्हा फिरवतील."

"फिरवू दे. माती भुसभुशीत झाली. पेरायला सोपं जाते."

माझ्या उजव्या हाताला इंग्लंडातला गहू कापला जात होता. कुणी अडवत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, कुणाच्या आजोबांचा तो. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडले, असं लिहिलं तर छान दिसेल. मी रडले नाही. मी खिडकी खाली केली आणि त्या सुंदर संध्याकाळला मोठ्यानं एक शिवी घातली, अस्सल वऱ्हाडी. शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यानं हात हलवला.

सोमवारी मी माझ्या मॅनेजरकडे गेले. ऑक्टोबरचं ॲन्युअल लीव्ह हवं म्हणून सांगितलं. ती चांगली बाई आहे, दरवर्षी ऑफिसात पणत्यांची चित्रं लावते.

"दिवाळीला जातेस ना? लव्हली!"

"नाही," मी म्हटलं. "पेरायला."

"घरची शेती आहे तुमची? मला माहीतच नव्हतं. मग छान हॉलिडे होईल."

"हॉलिडे नाही. आणि ऐक, परतीनंतरच्या पहिल्या दिवशी मला ड्युटीच्या रोटावर टाकू नकोस. उशीर होऊ शकतो. आम्हाला तिथे पोलीस उचलतात."

तिला वाटलं मी गंमत करतेय. ती हसली. मी हसले नाही. हळूहळू तिचं हसू उतरलं. तिनं स्क्रीन बंद केला, दार लोटलं आणि समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"काय झालंय?" तिनं विचारलं.

मी बसले. आवाज खाली आणला नाही. आणि सांगायला सुरुवात केली.